तसंच चालतं ते

गोकुळ : माईक हातात आला की बरा तुला भाऊ आठवतो. एरवी राखीसुद्धा पोस्टानं.

राजनंदिनी : हळू बोल. पत्र्याची खोली आहे ही. मांडवात शब्द न् शब्द जाईल.

गोकुळ : जाऊ दे की. अख्ख्या महाराष्ट्राला ऐकवलंस, मुकुंदवाडीनं काय घोडं मारलंय?

आशाबाई : गोकुळ, उन्हातून आलास बाबा. आधी पाणी पी, मंग भांड बहिणीसंगं.

गोकुळ : पाणी नको, आई. ही आता काल्याच्या कीर्तनाला उभी राहील. उभी राहिली की पहिल्यांदा सांगायचं, ती विमानाची गोष्ट खरी नव्हती म्हणून. एवढं बोलली की मी गेलो.

राजनंदिनी : गोष्ट खरी आहे. हैदराबादहून मी नि आई आलो. विमानात बसलो तेव्हा उजव्या अंगाचा पंखा थांबलेला होता, इंजिन घरघरत होतं. चिकलठाण्याला उतरलो तेव्हाही तो पंखा थांबलेलाच होता. मधे माझ्या मुखी नाम होतं, दुसरं काही नव्हतं. यातलं खोटं कोणतं ते दाखव.

गोकुळ : आणि माझ्याबद्दल काय बोललीस?

राजनंदिनी : फोनवर तू बोललास तेच.

गोकुळ : मग म्हणून दाखव. माईकवर म्हणालीस तसं.

राजनंदिनी : "माझा सख्खा भाऊ विमानाचा मिस्त्री. त्याला फोन लावला. म्हटलं, दादा, एक पंखा बंद आहे रे. तर म्हणतो, एवढं चालतं गं, घाबरू नको."

गोकुळ : हां. मग मांडव हसला. तुझ्या पखवाजवाल्यानं वरनं थाप बी दिली.

राजनंदिनी : लोक हसले म्हणून एवढं लागलं तुला?

गोकुळ : लोक हसले त्याचं काय नाय. साहेबांनी मोबाइलवर तुझी क्लिप बघितली, ते हसले नाहीत. माझा पास काढून घेतलाय. विमानाजवळ फिरकू देत नाहीत, स्टोअरात बसून वायसर निवडतोय. उद्या दिल्लीची माणसं येतायत चौकशीला. त्यांना मराठीचं ओ का ठो कळत नाय, म्हणून कुणीतरी तुझ्या क्लिपचं हिंदी करून दिलंय. 'चालतं'चं हिंदी काय होतं, ठाऊक आहे?

राजनंदिनी : काय होतं?

गोकुळ : 'चलता है.'

आशाबाई : मंग? त्याला काय झालं?

गोकुळ : आई, आमच्या धंद्यात आईबहिणीवरनं शिवी दिली तरी माफी मागून सुटतो माणूस. हे दोन शब्द तोंडातून गेले की सुटत नाय. असा माणूस विमानाखाली उभाच करायचा नसतो. बरोबर आहे त्यांचं. मी असतो तर मीबी नसता केला.

राजनंदिनी : मग सांग ना त्यांना, मी असं म्हणालोच नाही म्हणून.

गोकुळ : म्हणालो होतो ना पण. 'तसंच चालतं ते' म्हणालो होतो. ते विचारणार, 'चालतं' बोला था या नहीं बोला था? बोला था.

राजनंदिनी : म्हणजे शब्द तुझाच. मग माझ्यावर कशाला आग पाखडतोस? एवढं चालतं काय नि तसंच चालतं काय.

गोकुळ : ऐकलंस आई? एका ओळीचा अर्थ लावायला ही दोन तास उभी राहते, आणि मला म्हणते, एवढं काय नि तसंच काय. सायकल चालते ते वेगळं, नि चहात साखर कमी असली तरी चालते ते वेगळं. मी म्हणालो, ते इंजिन तसंच चालतं. पंखा थांबवून. बनवलंयच तसं.

राजनंदिनी : इंजिन चालू, पंखा बंद, आणि ते म्हणे बरोबर. लहानपणी मला टाकीत मगर आहे म्हणून भिववायचास. अजून तीच सवय.

गोकुळ : ऊठ. तो स्टँडचा पंखा इकडं फिरव. दुसरा मी आणतो. नाय, ह्या दुसऱ्याची पिन लावू नको. ह्याला वीज द्यायचीच नाय.

(दोन पंखे समोरासमोर. एकच चालू, बिनजाळीच्या दुसऱ्याची पाती त्याच्या वाऱ्यानं सावकाश फिरायला लागतात.)

गोकुळ : हा दुसरा कशानं फिरतोय?

राजनंदिनी : पहिल्याच्या वाऱ्यानं. पोरखेळ करतोयस.

गोकुळ : धर त्याला. बोटानं. बंद पंख्याला म्हणतोय, चालूला नाय, नाहीतर टाळ कोण वाजवील. थांबला?

राजनंदिनी : थांबला.

गोकुळ : आणि पहिला?

राजनंदिनी : तो चालूच आहे.

गोकुळ : त्याला पत्ता बी नाय, समोरचा कुणी धरलाय म्हणून. विमानाच्या इंजिनात आत हेच. एक चाक हवा ओढतं, दाबतं, त्या हवेत तेल जळतं. त्या जाळाचा झोत मागं सुटतो. त्या झोतात दुसरं चाक फिरतं, आणि बाहेरचा मोठा पंखा गिअरमधून त्या दुसऱ्या चाकाला जोडलेला. दोन चाकांच्या मधे दांडी नाय, पट्टा नाय. नुसता तापलेला वारा. म्हणून पंख्याला ब्रेक लावून ठेवता येतो, आतलं इंजिन आपलं जळत राहतं.

आशाबाई : पण ब्रेक लावायचा काहून? तेल जाळायचं नि पंखा धरून ठिवायचा?

गोकुळ : हे विचारलंस आई, तिनं विचारलं नाय. मोठ्या विमानाच्या शेपटीत एक बारकं इंजिन असतं. उडण्याशी त्याचा काय संबंध नाय. उभं असताना दिवे लावायचे, आत गार हवा सोडायची, एवढंच त्याचं काम. आपल्या पंख्याच्या विमानाला ते नसतं, वजन होतं म्हणून. मग उजवं इंजिनच ते काम करतं. आणि भोवती माणसं सामान भरत असतात, त्यात पंखा फिरता ठेवला तर मुंडकं जाईल कुणाचं. म्हणून ब्रेक. दारं लागली की ब्रेक सोडतात, पंखा फिरतो, मग विमान हलतं. इथं येऊन जागेवर लागलं की डावं इंजिन बंद करतात, उजव्याला पुन्हा ब्रेक. तू बघितलास तो जमिनीवरचा पंखा. जाताना बी नि येताना बी.

राजनंदिनी : आणि मधे?

गोकुळ : मधे तू काय बघितलंस?

राजनंदिनी : मधे मी डोळे मिटले होते.

गोकुळ : सोयीचं आहे.

राजनंदिनी : सोयीचं नव्हतं ते. जीव गोळा झाला होता माझा. तुला काय कळणार? माझ्या पहिल्या कीर्तनाला दारातून परत गेलास. म्हणालास, हिचा आवाज भोंग्यातून बरा, समोरून नको. त्यानंतर कधी आलास? माझं कीर्तन तू ऐकलंस ते साहेबाच्या मोबाइलवर, आणि तेही तुझं नाव त्यात आलं म्हणून.

गोकुळ : व्हय. आणि तेवढंच बास झालं.

राजनंदिनी : मग माझंही ऐक. मी मागं घेणार नाही. शेंद्र्याचा मोतीराम, कंपनीतला, त्या कीर्तनानंतर पायावर डोकं ठेवून गेला. म्हणाला, ताई, तुमचं विमान तरलं, माझं का तरणार नाही. त्या दिवसापासून बाटलीला शिवला नाही. त्याला आज काय सांगू? की पंखा ब्रेक लावून धरला होता, विमान जमिनीवर होतं, तू आपला परत गुत्त्यावर जा?

गोकुळ : त्यानं दारू सोडली ती त्याच्या जिवावर.

राजनंदिनी : नामावर सोडली. ते नाम मी खोटं पाडायचं, तुझी नोकरी राहावी म्हणून?

गोकुळ : नाम काय त्या पंख्याला टांगलंय? पंखा फिरला की नाम खाली पडलं? मग लई कच्च्या खिळ्यावर टांगलंस तू.

आशाबाई : गोकुळ.

गोकुळ : नाय आई, बोलू दे. खरंच आभाळात इंजिन गेलं असतं ना, तर पायलटनं त्या पंख्याची पाती वळवून वाऱ्याला नुसती धार दाखवली असती, म्हणजे वारा अडत नाय. आणि दुसऱ्या इंजिनावर गुमान जवळच्या विमानतळावर उतरवलं असतं. इथवर कुणी आणत नसतं. आणि इथं ते विमान कुणाच्या हवाली झालं असतं? माझ्या. मी ते तसंच पुढं सोडलं, असं तू माणसांनी भरलेल्या मांडवात सांगितलंस. देवाला मोठं करायला भाऊ बारीक करावा लागला तुला.

राजनंदिनी : पहिला फोन कुणाला लावला होता मी?

गोकुळ : काय?

राजनंदिनी : विमानात. तो थांबलेला पंखा बघितला तेव्हा. देवाचं नाव मी नंतर घेतलं. पहिला फोन तुला लावला. आणि तू म्हणालास, तसंच चालतं ते, घाबरू नको, ठेव. आणि ठेवलास. आत्ता जे पंखे मांडून सांगितलंस त्यातलं एक वाक्य तेव्हा बोलला असतास, तर मी डोळे मिटले नसते.

गोकुळ : चाकाखाली होतो मी. हाताला ग्रीस होतं.

राजनंदिनी : असेल.

गोकुळ : हे सांगितलंस कीर्तनात? पहिला फोन भावाला लावला म्हणून?

राजनंदिनी : नाही.

गोकुळ : ते का गाळलंस?

राजनंदिनी : शोभलं नसतं.

गोकुळ : बघ.

राजनंदिनी : बरं. सांगते आज. पण माझ्या पद्धतीनं सांगते. मंडळी, दोन चाकं आहेत, मधे दांडी नाही, पट्टा नाही, नुसता वारा आहे. तसं देवाचं नि भक्ताचं...

गोकुळ : लागलीस. तेच नको म्हणतोय मी. त्याचा दृष्टांत करू नको. तुझ्या दृष्टांतात गेलेला माणूस परत निघत नाय. मी गेलो, आता इंजिन बी घालते आत. सरळ सांग. मी चुकीचं बोलले. भाऊ तसं म्हणाला नव्हता. बास.

राजनंदिनी : आज काला आहे. श्रीकृष्णाच्या लीला सांगायच्या. त्यात हे कुठं बसवू?

गोकुळ : तोंडाला लोणी असून खाल्लं नाही म्हणतो, त्याचंच कीर्तन ना आज? बसतंय की.

राजनंदिनी : देवावर जाऊ नकोस दादा. मला काय बोलायचं ते बोल. आणि मी मांडवात उभी राहून का म्हणायचं? तू सांगतोस ते खरं कशावरून? तू त्या विमानात होतास? तूही बघितला नाहीस, मीही बघितला नाही. आभाळात तो पंखा फिरत होता की नव्हता, हे कुणीच...

आशाबाई : फिरत व्हता.

राजनंदिनी : आई?

आशाबाई : खिडकीला मी व्हते ना. लई जोरात फिरत व्हता. इतका की पाती दिसंनात, नुस्तं गोल आभाळ दिसायचं त्याच्यातून. मी आपली तेच बघत आले. पहिल्यांदाच बसले व्हते, डोळे कशाला मिटू?

राजनंदिनी : आणि तू गप्प राहिलीस?

आशाबाई : कव्हा बोलू? विमानात तू नाम घेत व्हतीस, मधी तोडू कशी? आणि खाली उतरल्यावर तुला बोलायचं व्हतं, मह्यं ऐकायचं नव्हतं. मंग एकदम कीर्तनातच ऐकलं मी. समदा मांडव रडत व्हता. मीबी रडले.

गोकुळ : तुला ठाऊक होतं खोटं आहे. मग खोट्याला रडलीस?

आशाबाई : लेकीला रडले. लेक भेली व्हती, ते खोटं नव्हतं. आणि तू दात विचकू नको. तुह्या बहिणीनं भिऊन फोन लावला नि तू ठेव म्हणलास. हात ग्रीसचे असले तरी तोंड मोकळं व्हतं ना.

गोकुळ : उद्या माझी चौकशी आहे, आई. तिची नाय.

आशाबाई : म्हणून तर बोलले. नायतर ह्या जन्मात बोलले नसते. लोकांनी तिच्या पाया पडावं, मला काय वाईट वाटत व्हतं?

राजनंदिनी : विणेकरी पुंजारामबुवा मांडवातून हाक मारतायत. वीणा उभी राहिली.

गोकुळ : हो की नाय, एवढं बोलून जा.

राजनंदिनी : तो शब्द परत म्हण.

गोकुळ : कोणता?

राजनंदिनी : फोनवरचा. तेव्हा म्हणालास तसा.

गोकुळ : तसंच चालतं ते.

राजनंदिनी : जोर कशावर? 'तसंच'वर?

गोकुळ : जोर कशावरच नाय. रोजचं काम आहे, जोर कशाला देऊ?

राजनंदिनी : तसंच चालतं ते. तसंच चालतं ते. हे नुसतं म्हणून लोकांना कळणार नाही. पंख्यांचं सांगावंच लागेल. दृष्टांत नाही करत. नुसतं सांगते. आई खिडकीला होती तेही सांगते.

गोकुळ : आणि फोन?

राजनंदिनी : तेही. मोतीराम पुढंच बसलाय आज. त्याच्याकडं बघून सांगावं लागेल.

गोकुळ : सांग. तो काय पंख्यावर जगत नाय.

राजनंदिनी : तू समोर बसणार आहेस का परत दारातूनच?

गोकुळ : बसणार नाय. मागं खांबाला उभा राहीन, मोबाइल धरून. दिल्लीवाल्यांना आजचं बी दाखवायचंय. आणि दृष्टांताकडं वळलीस की गळ्यावरनं असा हात फिरवीन. इंजिन बंद करायची खूण आहे आमची. दिसली की थांबायचं.

राजनंदिनी : माणसांनी भरलेल्या मांडवात मला गळा कापायची खूण करशील?

गोकुळ : करीन.

आशाबाई : आणि चालू करायची रे? तिची खूण नसती का?

गोकुळ : असते की. बोट वर धरायचं नि गोल फिरवायचं. पण ती मी करणार नाय.

आशाबाई : तू नको करू. मला दाखव, कसं फिरवायचं ते.