मनात आणि हातात

कैरोत पावाच्या भट्टीवर बायकांच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी होत्या. लेक कॉल सेंटरमधून थेट आलेली.

"फोनवर त्या इंग्रजांना सारखं काय गं म्हणत असतेस?"

"अनएबल. म्हणजे, मनात खूप आहे हो, पण माझ्या हातात नाही."

"आणि खरंच नसतं?"

"कधी कधी असतं. पण असं म्हटलं की माणूस चिडत नाही."

"मग तुझ्या होणाऱ्या सासूला, हुसामच्या आईला, तेच सांग. लग्नाआधी नोकरी सोड म्हणून मागे लागलीय ना?"

"पण आई, सोडणं माझ्या हातात आहे. मनात नाही."

"त्यालाही इंग्रजीत शब्द असेल की!"

"आहे. अनविलिंग. पण कामावर तो उच्चारायला बंदी आहे."

"मग अरबीत सांग. त्या बाईला तेवढंच कळतं."