बांधावरचं चाक

तुम्हाला वाटतं, संपादकाला कथेतलं सगळं कळतं. मग उदगीरकडचं ऐका.

लातूरहून आम्ही विज्ञानकथांचा दिवाळी अंक काढतो. त्यासाठी उदगीरजवळच्या सुमनबाईंनी कथा पाठवली. परग्रहावरचं यान रानात उतरतं आणि शेतकरी घाबरायचं सोडून, बांध मोडला म्हणून त्या पाहुण्यांशीच भांडत बसतो.

मी फोन केला. "बाई, हे पटत नाही हो. माणूस आधी घाबरेल की!"

"सर, एकदा आमच्या शेताकडं या. मग म्हणाल तसं बदलते."

अंक छपाईला जायचा होता आणि बाई एक ओळ हलवायला तयार नव्हत्या. शेवटी मीच निघालो. शेताशी गाडी कडेला लावून उतरतोय, तोच बाईंचे सासरे काठी आपटत आले; मागोमाग बाईही आल्या.

"कुणाची हाय रे गाडी?"

मी जरा ऐटीतच म्हणालो, "मी संपादक. लातूरहून आलोय."

"लातूरहून ये न्हाई तर मंगळावरून ये. आदी बांधावरलं चाक काढ!"

मी मुकाट्यानं गाडी मागं घेतली आणि खिडकीतूनच ओरडलो, "सुमनबाई, एक शब्दही बदलू नका!"