तर्काच्या तासाला कौल

आमच्या गावच्या शाळेत तर्कशास्त्र वाचलं ते देवीच्या कृपेने. हसू नका, ऐका.

देसाईबाई दर शनिवारी मुलांना शिकवतात, कोणी काही सांगितलं की पुरावा मागा. मुलं घरीही मागू लागली, तसे पालक तास बंद करायला धावले. शाळा समितीत वाद पेटला. मीही समितीवर, पण निवृत्त कारकून, त्यामुळे सवयीने गप्प. शेवटी अध्यक्ष तात्या म्हणाले, "भांडताय कशाला? देवीला कौल लावूया."

देवळात मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलं चिकटवून विचारलं, तास चालू ठेवायचा काय? उजवं फूल पडलं, म्हणजे होकार. तास वाचला.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम वर्गात मागे जाऊन बसलो. एक मुलगी उठली. "बाई, फूल पडलं हा पुरावा धरायचा काय?"

बाई म्हणाल्या, "बरोबर विचारलंस गो. पण घरी नको विचारू. परत कौल लावतील, आणि तेव्हाही उजवंच पडेल याला पुरावा नाही."