पालथा हंडा

डेक्स्टर: दोरी ओलांडू नका, मावशी! अहो पाय... झालं. ओलांडलीच.

अर्नेस्टीन: ओलांडली कुठे? अडखळले.

डेक्स्टर: महिन्यात चौथ्यांदा? आणि दर वेळी तुम्ही अडखळलात की नेमका हाच हंडा पालथा?

अर्नेस्टीन: जुना आहे बिचारा. तोल जात असेल.

डेक्स्टर: बारा किलो लोखंड आहे ते! आणि मागच्या रविवारी कॅमेऱ्यावर टोपी कुणी टांगली? जांभळी, पिसाची. आत तुमचं नाव शिवलंय.

अर्नेस्टीन: सापडली वाटतं! दे इकडे. उघड्या डोक्याने चर्चला बसले मी. पाद्रीबाबा प्रवचन विसरले.

डेक्स्टर: हसवू नका. संग्रहालयाच्या मॅडमनी बजावलंय, पुन्हा हंडा हलला तर तुम्हाला फाटकातून आत सोडायचं नाही. कायमचं.

अर्नेस्टीन: माझ्या पणजीच्या झोपडीत मलाच बंदी?

डेक्स्टर: मग रीतसर पत्र लिहा ना.

अर्नेस्टीन: तीन लिहिली. उत्तरात आभार आले, आणि इथल्या दुकानातल्या कपबश्यांवर सूट. ती पाटी वाच.

डेक्स्टर: ‘भातमळ्यावरचे कामगार या हंड्यात रस्सा शिजवत.’

अर्नेस्टीन: कामगार! मग एकानेही राजीनामा कसा नाही रे दिला? गुलाम होते, गुलाम लिहा की! आणि रस्सा शिजून झाला, की दार लावून प्रार्थनेला जमायचे. तेव्हा हाच हंडा दाराशी पालथा. गाणं, रडणं, सगळा आवाज त्याच्या पोटात. मालकाच्या बंगल्यावर गेला असता तर पाठी सोलल्या असत्या. पणजीने स्वतः सांगितलंय माझ्या आईला.

डेक्स्टर: बरं. पण आता कशाला पालथा?

अर्नेस्टीन: सुलटा ठेवला की सांडतं ना सगळं!

डेक्स्टर: लोखंडात आवाज राहतो होय?

अर्नेस्टीन: वाक. तुझ्या मॅडमबद्दल मनात काय आहे ते बोल आत.

डेक्स्टर: नोकरी जाईल माझी!

अर्नेस्टीन: पालथा आहे. बोल.

(डेक्स्टर इकडेतिकडे बघतो, गुडघे टेकतो, हंड्याची कड बोटभर उचलतो आणि आत बराच वेळ बोलतो.)

अर्नेस्टीन: अरे, अरे! प्रार्थनेचा हंडा आहे तो!

वॉकीटॉकीवर मॅडम: डेक्स्टर? झोपडीत सगळं ठीक? हंडा?

डेक्स्टर: ठीक, मॅडम. जसा ठेवायला हवा, तसाच आहे.

अर्नेस्टीन: बघ! तिला काही ऐकू गेलं नाही.

डेक्स्टर: पुढच्या रविवारपासून तुम्ही नका अडखळू. कंबर मोडेल. मीच अडखळत जाईन.

अर्नेस्टीन: गुणाचा आहेस. थांब, हंड्याशी वाकून पणजीचं एक कडवं म्हणते आणि निघते.

डेक्स्टर: इतकं हळू? मोठ्याने म्हणा ना, मावशी. आता कोण मारायला येतंय?

अर्नेस्टीन: कुणी नाही रे. तेच सांगतेय आतल्यांना.