सोळा जणांचा रेट

बोटीच्या सहलीचं मला विचारताय? आधी चहा तरी पिऊ द्या.

आम्ही घरची सहा माणसं मुंबईहून मोठ्या बोटीनं गोव्याला जाणार होतो. पहिलीच वेळ. रेट कमी करायला मी तात्यांना, म्हणजे वडिलांना घेऊन बारामतीच्या एजंटाकडं तीन खेपा मारल्या. शेवटी तो वैतागून म्हणाला, "सोळा जण आणा, मग बघा रेट कसा खाली येतो."

"सोळाच ना?" तात्या म्हणाले. "भावकी हाय की आमची!"

मग निमगावात चुलत्यांच्या तीन घरांतनं आधार कार्डं गोळा करणं, खिडकीची खोली कुणाला यावरनं भांडणं मिटवणं, सगळं माझ्याच गळ्यात. पण सोळा जमले आणि रेटही मिळाला.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं विचारलं, "आरं, चारी घरं निघाली. गाईंच्या धारा कुणी काढायच्या?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मी न्हाय आलो तर पंधराच हुत्यात," मी म्हणालो. "रेट जाईल."

"त्याची काळजी नगं," तात्या म्हणाले. "तुझ्या जागी चुलत्याच्या जावयाचं नाव कालच घातलंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोटीवरनं तात्यांचा व्हिडिओ कॉल. मागं समुद्र, शेजारी माझी बायकोपोरं, आणि खुर्चीत पाय पसरून जावई.

"लेका, एवढ्या स्वस्तात कोण नेतं रं?" तात्या म्हणाले. "तू यायला पायजे हुतास!"

मी म्हणालो, "ठेवा, तात्या. अजून अकरा गाई राहिल्यात."