नव्या कॉम्प्युटरची पूजा

बॅकअपचं मला नका शिकवू यार, ते मी अमेरिकेत, ॲन आर्बरला रडून शिकलोय. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा जुना कॉम्प्युटर तापला की बंद पडायचा, आणि अख्खा थीसिस त्याच्यात. शेवटी ऐन बर्फात खिडकी सताड उघडी टाकून, कानटोपी घालून मी तो कसाबसा एका फ्लॉपीवर उतरवला. शेवटचा चॅप्टर कॉपी झाला आणि जुन्यानं कायमचे डोळे मिटले.

फ्लॉपी नव्या कॉम्प्युटरमध्ये घालणार, तोच बायको पूजेचं ताट घेऊन आली. "अहो, नवीन मशीन आहे. आधी हळद-कुंकू लावा."

"सुलू, हे सायन्स आहे," मी लेक्चर झाडलं. ती ताट तिथंच ठेवून रुसून आत गेली.

पण थीसिसची आता ती एकच कॉपी उरलेली. मी गुपचूप फ्लॉपीलाच ओलं कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या आणि दिली आत सरकवून.

कर्रर्र!

रिपेअरवाल्या गोऱ्यानं ड्राइव्ह उघडला. "व्हॉट्स धिस रेड स्टफ?"

"प्रोटेक्शन," मी म्हणालो.

त्यानं चिमट्यात तांदळाचा दाणा धरून माझ्याकडं पाहिलं. "वेल, इट डिडन्ट वर्क."

थीसिस गमावून घरी आलो, तर सुलू दारातच उभी.

"तरी मी म्हणत होते, आधी कुंकू लावा!"