उंच काकूंचा चष्मा

मंडळी, आख्यानाआधी एक प्रश्न. माझा नाही हं! त्या खांबाला टेकून तोंडावर ओढणी धरून हसतायत ना दोघी, मैथिली आणि दुर्वा, माझ्याच वर्गातल्या, त्यांनी पैज लावलीय. म्हणाल्या, "शर्वाणी, एवढी धीट झालीस ना? मग भर कीर्तनात विचारून दाखव! गोष्ट म्हणजे खोटंच ना? मग देवासमोर उभं राहून खोटं सांगणाऱ्याचा देव कान पिळतो की नाही?"

घ्या, विचारला! सोमवारी मधल्या सुट्टीतली कैरी माझी!

पण प्रश्न खोटा नाही हो. तर ऐका—

एक मुलगी होती. डोक्यात एकच खूळ, गोष्टी लिहायच्या! कोण ती, हे चाणाक्ष मंडळींनी ओळखलं असेल. बाकीच्यांनी शेजारी विचारू नका, मीच ती! लाजायचं कशाला?

आपल्या देवळात दर शुक्रवारी दुपारी बायका लक्ष वातींसाठी जमतात. मांडीवर कापूस, बोटांना राख, आणि आळीपाळीने एकीने पोथी वाचायची. मी म्हटलं, "पोथी झाली की माझी गोष्ट वाचू?" आईने डोळे वटारले. बायका म्हणाल्या, "वाच गं, कान रिकामेच आहेत!"

पहिली गोष्ट वाचली. परदेशातली राजकन्या, बर्फ, घोडागाडी! मी बर्फ पाहिलाय कुठे? फक्त गोळेवाल्याकडे! मी जीव तोडून वाचतेय, राजकन्या मरतेय—आणि समोर? वाती! सरसर, सरसर! एक हात थांबेना! राजकन्या मेली तेव्हा आत्या म्हणाली, "छान हो. एकशे आठ झाल्या माझ्या."

त्या दिवशी मला तराजू सापडला, मंडळी! टाळ्या खोट्या, 'छान' खोटं. वाती वळणारे हात थांबले, की गोष्ट खरी!

मग मी इकडेतिकडे बघायला लागले. आणि मला दिसल्या... उंच काकू.

थांबा! माना वळवून शोधू नका. हे नाव त्यांनीच निवडलंय. त्यांची परवानगी घेऊन सांगतेय, आणि अट एकच: "सांग, पण मला जरा उंच कर." म्हणून या काकू उंच! ज्या बायकांना ठाऊक आहे, त्यांनी खाली मांडीवरच्या कापसाकडे बघायचं, कीर्तनातही वाती वळताय ना!

तर उंच काकूंची वाचायची पाळी आली, की त्या म्हणायच्या, "अगो बाई! चष्मा घरी विसरले." पुढच्या वेळीही चष्मा घरी. चार वर्षं! तेच घर, तोच चष्मा! आणि मी पाहिलं, वातींआधी सगळ्या मिळून स्तोत्र म्हणतात ना, तेव्हा त्या पोथी मांडीवर घेऊन ओठ हलवायच्या, पण पान उलटायच्या शेजारणीने उलटल्यावर.

सापडलं! मी गोष्ट लिहिली. सगळी खरी. नावासकट! आणि शुक्रवारी वाचली.

हात थांबले, मंडळी! वीस जणींचे हात! सगळ्या खो खो हसल्या. आणि मी? फुगले! एवढी फुगले, की काकूंनी कापूस गोळा करून पिशवीत भरला, ते मला दिसलंच नाही. दारात त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, तुला किती छान वाचता येतं गं."

पुढच्या शुक्रवारी काकू नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

आणि इकडे? शाळेने पाठवलेली तीच गोष्ट तालुक्याच्या स्पर्धेत पहिली! आता जिल्ह्याच्या शालेय अंकात छापून येणार! बाबांनी एसटी स्टँडवरच्या कंडक्टरलासुद्धा पेढा दिला. सांगा आता, गोष्टीत एक अक्षर खोटं नव्हतं. मग काकूंच्या जागेवर नुसती सतरंजी का?

मी आईला विचारलं. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "तू त्यांच्याकडे बघून लिहिलंस. त्यांच्या जागी बसलीस का कधी?"

म्हटलं, बसते! मामाने बेळगावहून आणलेलं एक कानडी पुस्तक होतं. तेच घेऊन शाळेच्या वाचनालयात बसले. ओठ हलवले, पानं उलटली. गंमत वाटली... पाच मिनिटं! तेवढ्यात सर आले. "वा! काय म्हणतंय पुस्तक?"

अहो, घाम! कानापासून टाचेपर्यंत! आणि तोंडातून काय निघालं असेल?

"सर, डोकं दुखतंय!"

चष्माच तो! माझा चष्मा!

त्या घामातून तिसरी गोष्ट आली. काकू नाहीत तिच्यात. एक म्हातारा तरवाला आहे, होडीतून माणसं पलीकडे नेणारा, रोज धक्क्यावर वर्तमानपत्र उघडून बसणारा. लोक विचारतात, "काय बातमी?" तो पाण्याकडे बघून म्हणतो, "आज भरती." असा माणूस नाही, असा धक्का नाही. सगळं खोटं! पण घाम खरा.

काकूंच्या घरी गेले. पाया पडले, चुकले म्हटलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या. म्हटलं, "एकदा ऐकायला या." त्या आल्या. दाराशीच बसल्या, पिशवी काखेतच, हातात थोडासा कापूस. मी वाचलं. कुणी हसलं नाही. आणि काकूंचा हात... अर्धी वळलेली वात बोटांत तशीच!

गोष्ट संपली. काकू म्हणाल्या, "अगं, त्या म्हाताऱ्याला कुणीतरी बाराखडी शिकवा की!"

मी म्हटलं, "शिकवते. कधीपासून येऊ?"

काकू म्हणाल्या, "उद्या पाचला ये. चष्मा घालूनच बसते!"

मैथिली, दुर्वा, मिळालं उत्तर? देव कान पिळतो, पण खोट्यासाठी नाही! परक्याचं दुःख हसण्यासाठी उचललं, की पिळतो. आणि मंडळी, गोष्टी मी एकटीच सांगते का हो? पारावर, नळावर, ओट्यावर तुम्हीही सांगता! सांगताना त्या माणसाच्या जागी बसला होतात का? बघा, आत्ता कितीजणींचे हात थांबलेत!

आणि आता... पेटी जरा थांबवा, काका. आई, बाबा, तुम्ही पुढेच बसलायत, बरं झालं. घरी सांगितलं असतं तर तुम्ही 'उद्या बघू' म्हणाला असता. मुख्याध्यापक म्हणतात, काकूंचं नाव बदलून छापू. पण नाव बदललं तरी हसणं तेच राहतं. म्हणून सोमवारी शाळेत जाऊन मी ती पहिली आलेली गोष्ट परत घेणार. तिसरी पाठवायची मुदत संपलीय, म्हणजे यंदा अंकात माझं नाव नाही. चालेल! रोज पाच वाजता मी उंच काकूंकडे असेन. काल त्यांनी पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं, खरं नाव! तरवाल्याची गोष्ट त्या स्वतः वाचतील ना, त्या दिवशी बाबा, पेढे वाटा. कंडक्टरलाही!